माप न घेता

हे मनन बसून करायचं आहे, पण मन एका जागी बसवायचं नाही. मनाने चंदीगडला जायचं, एक अख्खा दिवस तिथे काढायचा आणि सोबत एक मूल न्यायचं. ज्याचा हात कोपरापाशी संपतो, किंवा पंजाला दोनच बोटं आहेत, किंवा एक पाय गुडघ्याखाली नाही, असं मूल. तुमच्या घरात असं मूल असेल तर तेच. नसेल तर शेजारच्या इमारतीतलं, भाचीच्या वर्गातलं, मागे कधी लोकलमध्ये समोर बसलेलं. त्याचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही. आपली नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि तिथून किती घाईने परत आली, एवढं आठवलं तरी पुरे.

घाई नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर अंक उपडा ठेवून थांबा.

जायचं आहे ते शिबिराला. आपल्याकडे अशा मुलांचं शिबिर म्हटलं की एखादं मंगल कार्यालय डोळ्यांसमोर येतं. दारात फलक, आत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, कोपऱ्यात प्लास्टर कालवलेल्या बादल्या. माप घेतात, साचा काढतात, पुढची तारीख देतात. त्या तारखेला व्यासपीठ, हारतुरे, आणि नवा पाय लावलेल्या मुलाला चार पावलं चालायला लावून काढलेला फोटो. याबद्दल वाकडं बोलायची माझी तयारी नाही. १९६८ साली जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी असा पाय घडवला की त्याच्यावर अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, शेतातल्या चिखलात उतरता येतं. १९७५ मध्ये डी. आर. मेहतांनी तो फुकट बसवून देणारी संस्था काढली. गरजूंना साधनं देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासूनची. आपल्या पुण्यात वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र तर १९४४ चं, जखमी सैनिकांसाठी काढलेलं. या सगळ्यांमुळे लाखो माणसं आपल्या पायांवर घरी गेली.

तिथे मूल जातं ते माप द्यायला. आज जायचं आहे तिथे कोणी माप घेणार नाही, कोणी काही वाटणार नाही. कॅनडात पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांनी १९१८ मध्ये ‘वॉर अँप्स’ ही संघटना उभी केली. पुढे, १९७५ मध्ये, त्यांच्या संघटनेने मुलांकडे लक्ष वळवलं आणि मुलं आईबापांसकट एकत्र जमू लागली. ब्रिटनमध्ये १९७८ साली आईबापांनीच ‘रीच’ काढली. अमेरिकेत मेरी लेटन या ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंनी २००४ पासून मेन राज्यात अशा कुटुंबांचं शिबिर भरवायला सुरुवात केली. मुलं, त्यांची धडधाकट भावंडं, आईबाप, जमलं तर आजीआजोबाही. पोहायचं, खायचं, खेळायचं, रात्री गप्पा मारायच्या. आपल्याकडे हे विरळाच. म्हणून आज ते मनातच भरवू. चंदीगडच का, ते तिथे पोहोचल्यावर कळेल.

गाडीपासून सुरुवात करू. मडगावहून निघून कोकणातून थेट चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती आहे, तिच्यात बसू. खिडकीशी मूल, त्याच्याशेजारी आई. गाडीने वेग घेतला की समोरच्या बाकावरून पहिला प्रश्न येतो : काय झालं हो हाताला? दुसरा : जन्मतःच का? तिसरा : मग दाखवलं नाही कुठे? त्यानंतर कुणाच्या तरी मावसदिराच्या मुलाची हकिगत, एका हमखास गुण येणाऱ्या वैद्याचा पत्ता, आणि शेवटी मुलाच्या मांडीवर ठेवलेला बिस्किटांचा पुडा. मुलाने मागितलेला नसतो. माणसं वाईट नसतात. पण आईकडे पाहा. उत्तरं देता देता तिचा हात मुलाच्या बाहीकडे गेला आहे आणि ती बाही खाली ओढते आहे. उकाड्याचे दिवस असूनही बाही लांब आहे. तिने ती स्वतः शिवून घेतली आहे, टोकाला थोडी जास्त सोडून.

त्या हाताला थांबवायचं नाही. तो हात तुमचाच असेल तर त्याला रागवायचंही नाही. बाही ओढली जाते आहे, एवढं फक्त पाहायचं. रत्नागिरी येऊन जाऊ द्या, पनवेल येऊन जाऊ द्या. तो हात अधूनमधून तिथेच जाईल.

चंदीगडला सकाळी पहिल्यांदा जायचं ते सेक्टर एकमध्ये. हा कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, २०१६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेला. ओळखपत्र दाखवायचं, नोंद करायची आणि मार्गदर्शकाच्या मागून चालायचं. उच्च न्यायालय आणि विधानसभा यांच्यामधलं काँक्रीटचं पटांगण इतकं लांबरुंद आहे की लहान मुलं तिथे आल्याबरोबर पळत सुटतात. कुबड्या घेतलेलीही. उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या, आणि त्यांच्या अलीकडे, जमिनीपासून २६ मीटर उंच, पत्र्याचा एक प्रचंड हात. वाऱ्याबरोबर तो सावकाश फिरतो. या शहराची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिएने तो कित्येक वर्षं कागदावर रेखाटला होता. प्रत्यक्षात उभा राहिला १९८५ मध्ये, त्याला जाऊन वीस वर्षं झाल्यावर. द्यायलाही उघडा आणि घ्यायलाही उघडा, असा त्याचा त्यामागचा विचार.

हाताच्या पायथ्याशी जमिनीत खाली उतरणारा एक चौकोनी चौक आहे. लोकांनी एकत्र बसून विचार करावा म्हणून कॉर्बुझिएने तो मुद्दाम खोल ठेवला आणि त्याला नावही चिंतनाचंच दिलं. मनन करायला आलेल्या माणसाला याहून योग्य जागा कुठली? तिथे उतरू आणि बसू. मुलांना वर हाताची बोटं मोजू द्या. मोजताना भांडण होईल, कारण यातलं बोट कुठलं आणि पंख कुठला हे ठरत नाही. हात म्हणावा तर पक्षी दिसतो. शरीरशास्त्राच्या हिशेबाने तो नीट हात नाहीच, आणि शहराने आपली खूण म्हणून निवडला तो हाच.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी तुम्हाला इथे आणलं. ज्या माणसाने हा हात रेखाटला त्याच्यापाशी एक मापपट्टीही होती, ‘मोड्युलर’ नावाची. एक पुरुष, उंची १.८३ मीटर. त्याने हात वर केला की बोटांच्या टोकापर्यंत २.२६ मीटर. बेंबी बरोबर मध्यावर, १.१३ मीटरवर. या एका देहापासून मापांची मालिका काढायची आणि तिच्यावरून खोल्यांची उंची, खिडक्या, कठडे बसवायचे. आधी हा पुरुष १.७५ मीटरचा होता. तो उंच झाला, कारण इंग्रजी रहस्यकथांमधले देखणे पुरुष, विशेषतः पोलीस, नेहमी सहा फुटी असतात, असं एका सहकाऱ्याने सुचवलं! चंदीगड या मापपट्टीच्या आधाराने बांधलं गेलं. वर हात केलेली ती आकृती इथल्या काँक्रीटमध्येही उमटवलेली आहे.

थोडा वेळ तिच्याकडे पाहत बसू. या मापात बाई बसत नाही. मूल बसत नाही. कोकणातून आलेला पाच फूट तीन इंचांचा बापही बसत नाही. तरीही हे सगळे आत्ता या पटांगणात आहेत, आणि कठडा उंच पडला म्हणून बापाने पोरीला खांद्यावर घेतलं आहे. खांद्यावरच्या पोरीने उजव्या हाताने बापाचे केस धरले आहेत आणि डाव्या, मनगटापाशी संपलेल्या हाताने त्याच्या कपाळाला टेकू दिला आहे. बापाने तिला तसं करायला शिकवलेलं नाही. पडायला नको म्हणून तिचं तिनेच शोधलं.

दुसरं माप सरकारी. अशा मुलाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढताना डॉक्टर टक्के लिहितात. चाळीस टक्के झाले तर सवलती, एकोणचाळीस झाले तर नाहीत. त्यासाठी किती खेटे पडतात, ते ज्यांनी घातले त्यांना विचारा. आईबाप पुढे कित्येक वर्षं मुलाची ओळख त्या आकड्यात करून देत राहतात : माझा मुलगा सत्तर टक्के. पण त्याच प्रमाणपत्राच्या २०१७ च्या नियमांतल्या नमुन्यात, फोटो चिकटवायच्या चौकटीत, एक बारीक सूचना आहे. फोटोत फक्त चेहरा दिसावा. सरकारी कागदात इतकी सभ्यता असते हे मला खरं वाटलं नसतं. घरी गेल्यावर तुमच्याकडचं प्रमाणपत्र काढून ती चौकट पुन्हा बघा. आपल्या मोबाइलमधले फोटोही बघा, किती फोटोंत तो हात चौकटीबाहेर ठेवला आहे ते. चेहरा दिसावा म्हणून ठेवला की हात दिसू नये म्हणून, हे ज्याने फोटो काढला त्यालाच माहीत.

उन्हं चढली. मुलांना कोणीतरी झाडीत खेळायला नेलं आहे. सावलीत आया उरल्या आहेत. मराठी, पंजाबी, हरयाणवी, एक हिमाचलची. पहिला अर्धा तास बोलणं चहाचं, गाडीचं, शाळेचं. मग कोणीतरी म्हणतं, माझ्या वेळी ग्रहण होतं.

याची वाटच पाहिली जात असते. कुणी ग्रहणात भाजी चिरली होती, कुणी सुई हातात घेतली होती, कुणी नुसतीच ओट्यावर येऊन बसली होती. मूल झाल्यावर घरात जुनं कालनिर्णय काढून तारखा ताडून पाहिल्या गेल्या. जिच्या दिवसांत ग्रहण आलंच नव्हतं तिच्यासाठी पपई होती, जिन्यावरून घसरणं होतं, डोकेदुखीची गोळी होती, आणि ‘सोनोग्राफीत कसं दिसलं नाही?’ हा प्रश्न होता. गोळीच्या भीतीला तरी इतिहास आहे. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ पासून युरोपात उलट्यांसाठी गरोदर बायकांना दिलं गेलं, १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगभरात हजारो मुलं आखूड हातापायांची जन्मली. पण ग्रहणात चिरलेल्या दुधी भोपळ्याला असा कुठलाच इतिहास नाही.

इथे सावकाश जाऊ. डोळे मिटायचे असतील तर मिटा आणि दिवस मोजा. गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हाताचा कोंब फुटतो. तेव्हा अख्खा गर्भ पाच मिलिमीटरच्या आसपास असतो. पायाचा कोंब त्यानंतर एकदोन दिवसांनी. मग कोंबाचं टोक चपटं होत जातं, वल्ह्यासारखं. त्या वल्ह्यात बोटांच्या रेघा उमटतात आणि रेघांमधल्या पेशी मरतात. त्या वेळेवर मरतात म्हणूनच तुमची माझी बोटं सुटी आहेत. आठव्या आठवड्याच्या शेवटी हे काम बहुतेक उरकलेलं असतं. चौथा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस. बऱ्याच जणींना तेव्हा नुसती शंका असते, काहींना तीही नसते. पाचव्या महिन्यात ग्रहण येतं तेव्हा बोटं होऊन, नखं यायला लागलेली असतात. क्वचित नंतरही काही घडतं. गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचे धागे सुटून बोटाला किंवा हाताला आवळून बसतात आणि पुढची वाढ अडते. त्यालाही विळी, सुई, चंद्र, सूर्य यांतलं काही लागत नाही.

मग कारण काय? बहुतेकदा सापडत नाही. साधारण दोन हजार जन्मांमागे एखादं मूल हातापायात असा फरक घेऊन येतं. काहींच्या बाबतीत जनुकं सांगता येतात, पुष्कळांच्या बाबतीत काहीच नाही.

‘कारण सापडत नाही’ हे वाक्य आता मनात धरून बसा. मला वाटतं, दिवसातली सर्वांत अवघड बैठक हीच. ‘मी केलं’ हे वाक्य त्यापेक्षा सोपं असतं. ते छळतं, पण त्यात निदान कर्ता असतो, म्हणून आया ते सोडायला तयार होत नाहीत. शास्त्र ऐकून त्या मान डोलावतात आणि रात्री पुन्हा ग्रहणापाशी जातात. शास्त्राने जे होत नाही ते कधीकधी शेजारी बसलेल्या बाईने होतं. तिच्या बाबतीत ग्रहण नव्हतं, पपई नव्हती, गोळी नव्हती, आणि तिच्या मुलाचा हात तुमच्या मुलासारखाच कोपरापाशी संपतो. ती काही समजावत नाही. आपलं मूल दाखवते आणि डब्यातली पिन्नी पुढे करते. घ्या. गव्हाच्या पिठाची, भरपूर तुपातली असते. नाही म्हणू नका.

झाडाच्या दुसऱ्या बाजूला एक बाप एकटा उभा आहे. तो या गोलात येत नाही, कारण त्याचं मूल दोन्ही हात घेऊन जन्मलं होतं. पंजाब-हरयाणातल्या गोठ्यांत चारा कापायचं यंत्र असतं, तिथे त्याला टोका म्हणतात, आपण कडबाकुट्टी. एका हाताने वैरण आत सरकवायची, चाक फिरतं, पातं उतरतं. मुलं खेळता खेळता चाक फिरवतात, दुसरं मूल तोंडाशी हात घालतं. विजेवरच्या यंत्राला तर चाक फिरवायलाही कोणी लागत नाही. आपल्याकडे उसाचा चरक हेच करतो, मळणी यंत्र हेच करतं, गच्चीवरून जाणारी विजेची तार तर याहून वाईट. मळणी यंत्रांसारख्या यंत्रांसाठी १९८३ साली कायदा झाला. दिल्लीच्या आयआयटीत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरयाणातल्या खेड्यांत जाऊन या अपघातांचा अभ्यास केला आणि टोक्यासाठी साधे उपाय काढले : पात्यावर झाकण, यंत्र बंद असताना चाक अडकवून ठेवायची खीळ. लोहाराकडे होण्यासारखं काम. कित्येक गोठ्यांत ते अजून झालेलं नाही.

या बापाला ग्रहणाचं उत्तर चालत नाही. त्या दिवशी यंत्र त्यानेच चालू ठेवलं होतं. जन्मापासून एका हाताच्या मुलाला काही गमावल्याचं माहीत नसतं, त्याचा देह त्याच्या लेखी पुरा असतो. अपघातातल्या मुलाला माहीत असतं. रात्री नसलेल्या बोटांना खाज सुटते, ती खाजवता येत नाही. दोन्ही मुलं एकाच शिबिरात, एकाच खेळात असली तरी त्यांना एका वाक्यात बसवू नये, आणि या बापाशी ‘तुमचा काही दोष नाही’ असं पटकन बोलूही नये. त्याच्याजवळ जाऊन उभं राहता येतं. त्याला शेतीबद्दल विचारता येतं. त्याने स्वतःहून टोक्याला खीळ कधी बसवली ते सांगितलं, तर ऐकून घेता येतं. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी, असं तो म्हणेल. आणि शेजारच्या चार गोठ्यांतही स्वतःच्या पैशांनी.

दुपारी जेवायला पंचकुल्याला, नाडा साहिब गुरुद्वाऱ्यात. घग्गर नदीच्या काठी, टेकड्यांच्या पायथ्याशी. १६८८ च्या भंगाणीच्या लढाईनंतर गुरू गोविंदसिंग इथे थांबले होते. आत मत्था टेकला की बाहेर पडताना कडाह प्रसाद मिळतो, गरम, तुपाने माखलेला. तो दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा असतो.

रांग पुढे सरकते आहे. आपल्या पुढे आठ वर्षांची मुलगी, डावा हात मनगटाशी संपलेला. तिच्या आईच्या मनात काय चाललं असेल ते आपल्या घरच्या अनुभवावरून ओळखता येतं. आपल्याकडेही तीर्थ-प्रसाद उजव्या हातात, डावा खाली. ज्याला उजवाच नाही त्याने डावा पुढे केला की भटजी थबकतात, हळदीकुंकवाला आलेली एखादी काकू ‘अगं, उजवा’ म्हणून बसते आणि मग जीभ चावते. आई पुढे होऊन स्वतःची ओंजळ मुलीच्या हाताखाली धरायला निघाली आहे. त्याआधीच मुलीने उजवा पंजा वाटीसारखा वाकवला, डाव्या हाताचं गोल टोक त्याला खालून चिकटवलं आणि हात पुढे केले. सेवादाराने प्रसाद ठेवला. पुढचा.

एवढंच घडलं. आईचे हात अजून हवेतच आहेत. त्या हातांपाशी हवं तितका वेळ थांबा.

पंगतीत बसल्यावर पोळीही दोन्ही हात पसरून घ्यायची. एव्हाना मुलांना ते जमलं आहे, आणि दोन्ही हात असलेला एक धाकटा भाऊ ताईचं बघून आपली एक मूठ मिटून पोळी घेतो आहे. भावंडांकडे पाहायचं राहूनच गेलं होतं. घरी सगळी धावपळ दवाखान्याची, थेरपीची. दहा बोटांचं मूल आपोआप शहाणं समजलं जातं आणि बाजूला पडतं. इथे अचानक तोच अल्पसंख्य झाला आहे. ‘माझा हात का असा नाही?’ असं त्याने विचारलं तर हसून उडवू नका.

चार वाजता सुखना तलाव. १९५८ साली डोंगरातून येणाऱ्या ‘सुखना चो’ या ओढ्याला बांध घालून केलेला. तिथे पायांनी चालवायच्या होड्या मिळतात. लाइफ जॅकेट घालायचं आणि निघायचं. पुढच्या बाकावर बसलेल्याला पॅडल मारावं लागतं आणि मधला एक दांडा धरून दिशा द्यावी लागते. हात नसलेल्यांना पाय पुरतात, पाय नसलेला दांडा धरतो. तीन मुलं आपसात कामं वाटून घेतात, कोणी समुपदेशक न लागता.

काठावरच्या बाकाकडे पाहा. मुलांनी काढून ठेवलेले दोन कृत्रिम हात तिथे पडले आहेत, कातडीच्या रंगाचे, बोटं अर्धवट मिटलेली. बाप धास्तावून त्यांच्यापाशी पहारा देतो आहे, कारण ते महाग आहेत. तो मुलाला हाक मारणार, ‘हात घाल रे!’ हाक ओठांवर येऊ द्या, पण जरा थांबा. २००६ साली अमेरिकेत कोपराखाली एक हात नसलेल्या जवळपास पाचशे मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कृत्रिम हात वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या मुलांच्या रोजच्या कामांत, सुखासमाधानात वापरणाऱ्यांच्या बाजूने काही फरक दिसला नाही. सायकल चालवायची, बॅट धरायची अशा एखाद्या ठरावीक कामाला मुलं तो लावतात आणि काम झालं की काढतात. असं का, ते मुलाला विचारलं तर तेच सांगेल. हाताच्या त्या आखूड टोकाला स्पर्श कळतो. पाणी गार आहे, मांजर मऊ आहे, ओंजळीतला प्रसाद गरम आहे हे त्याला कळतं. त्यावर प्लास्टिक चढवलं की कळत नाही. पायाचं वेगळं. पाय चालायला लागतोच, आणि वाढत्या मुलाला तो वरचेवर नवा लागतो, म्हणून मापाच्या शिबिरांची गरज संपणार नाही. हाताच्या बाबतीत मात्र आपण तो कोणासाठी बसवून घेतला, हा प्रश्न होडी परत येईपर्यंत मनात राहू द्या. लग्नाकार्यात कोणी विचारू नये म्हणून बसवला असेल तर तेही मान्य करा. त्यात लाजण्यासारखं नाही.

तलावापासून जवळच रॉक गार्डन. पाय दुखत असतील, फार वेळ नको. नेकचंद हे बांधकाम खात्यातले रस्ते-निरीक्षक. १९५७ पासून कोणाला न सांगता, शहर बांधताना पाडलेल्या गावांतली फुटकी कपबशी, बांगड्या, फरशा गोळा करून ते जंगलात बाहुल्या घडवत राहिले. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. अशा मुलांना घेऊन इथे आलं की एक सोपी उपमा दारातच उभी असते, तुटक्या वस्तूंचं सौंदर्य वगैरे. तिला तिथेच सोडून आत जाऊ. मुलं तुटकी नाहीत. आत पाहायचं ते दारं. नेकचंदांनी इथल्या कमानी इतक्या ठेंगण्या केल्या आहेत की मोठ्यांना वाकूनच जावं लागतं, आणि १.८३ मीटरच्या त्या पुरुषाला तर फारच. मुलं सरळ निघून जातात आणि पलीकडे उभी राहून हसतात.

पुढे मोठाले झोके आहेत. एक मुलगा साखळीला एका हाताने धरतो, दुसऱ्या बाजूच्या साखळीभोवती कोपराचा विळखा घालतो आणि भन्नाट उंच जातो. ‘हळू!’ असं तुमच्या तोंडून निघेल. शेजारच्या झोक्यावरच्या दहा बोटांच्या मुलाला तुम्ही ‘हळू’ म्हणालात का, तेवढं बघा.

रात्री धर्मशाळेच्या व्हरांड्यात मुलं झोपल्यावर मोठ्यांची बैठक. कोणीतरी मोबाइलवर शीतल देवीचा व्हिडिओ लावतं. किश्तवाडची ही मुलगी दोन्ही हातांशिवाय जन्मली. पायाने धनुष्य उचलून, खांद्याने आणि जबड्याने दोर ताणून बाण सोडते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारबरोबर तिने कांस्यपदक मिळवलं. सोलापूरच्या सुयश जाधवचं नाव निघतं, अकराव्या वर्षी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गेले, पोहून अर्जुन पुरस्कार मिळवला. सगळे टाळ्या वाजवतात, आणि वाजवाव्यातच. पण एक आई हळूच म्हणते, माझ्या मुलीला रोज कोणी ना कोणी हे व्हिडिओ पाठवतं. तिला पोहायचं नाही आणि बाणही मारायचे नाहीत. तिला शाळेत दुसऱ्यांसारखं पाचवं आलं तरी चालणार आहे.

यावर थोडं हसू फुटतं आणि मग खऱ्या गोष्टी निघतात. नाडी एका हाताने कशी बांधायची? इलॅस्टिक घाला, पण समारंभाच्या सलवारीला काय? बुटाची लेस कोण बांधून देतं? दुपारी होडीतल्या त्या बारा वर्षांच्या मुलाने माझ्या पोराला शिकवली, एका टोकाला गाठ मारून नागमोडी ओवायची, सुटतच नाही. कंपासपेटी उघडताना घसरते. तिच्याखाली रबरी जाळी ठेवा, ताटाखाली ठेवतात ती. ‘थोटी’ म्हणणाऱ्या मुलाला काय सांगायचं? यावर तीन मतं पडतात, त्यातलं एक मारामारीचं असतं.

मग मघाचीच ती आई विचारते, एकच हात आहे, तर त्याच हाताची नखं कशी कापायची? आत्तापर्यंत मी कापते. पण ती आता मोठी झाली, वसतिगृहात जाईल.

क्षणभर कोणाला सुचत नाही. टोक्याजवळ मुलाचा हात गेलेला तो बाप खुर्ची पुढे ओढतो. नेलकटर फळीवर घट्ट बसवायचं, म्हणतो, खाली रबर, म्हणजे फळी सरकणार नाही. बोट पात्याखाली धरायचं आणि दांडी कोपराने दाबायची. वहीचं पान फाडून तो चित्र काढायला लागतो. दांडी लांब हवी, असं एक काका म्हणतात. लांब केली तर जोर कमी लागतो, पण मग पातं कळत नाही, असं कोणीतरी अडवतं. पेन दुसऱ्याच्या हातात जातं, तिसरा म्हणतो कोपर नको, टाच, माझी मुलगी टाचेनेच दाबते, आणि पान भरल्यावर मागची बाजू उलटली जाते.